झाडणीचं पीठ

त्या वर्षी पिकं हाताशी आली आणि नदीचं पाणी खालच्या शेतांत शिरलं. लोकांनी जमेल तेवढं धान्य ओलंच उचललं आणि गावाबाहेरच्या गोदामात आणून टाकलं. धान्याच्या मागोमाग उंदीर आले. बिळं बुडाली तसे ते बांधाबांधानं, गटारातून, पोत्यांच्या थप्प्यांमधून वर चढले. गोदामात जुन्या उंदरांचा संसार आधीच थाटलेला होता. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, अशी गत झाली.

गोदामाला लागूनच गिरणी होती आणि दोन्हीकडच्या उंदरांचा बंदोबस्त एका माणसाकडे होता. त्याला सगळे उंदीरवाला म्हणत. त्याला स्वतःलाही दुसऱ्या नावानं कुणी हाक मारली तर चटकन ओ देता आली नसती. सकाळी गोदामाचं दार उघडलं की तो पिंजरे गोळा करत आत फिरे. एरवी आठ-दहा पिंजऱ्यांत उंदीर मिळत. ह्या वर्षी एकही पिंजरा रिकामा निघेना, काहींत तर दोन-दोन, तीन-तीन. पिंजरे मागच्या पिंपात बुडवायचे, बुडबुडे थांबेपर्यंत हात दाबून धरायचा, मग शेपटीला धरून एकेक बाहेर काढून खड्ड्यात टाकायचा आणि वर चुना. दहाच्या सुमाराला त्याचे खांदे भरून येत. फिनेलनं हातांची कातडी पांढरी पडून सोललेली असे आणि अंगठ्याला उंदराच्या दातांचे जुने वण होते.

"किती निघाले?" मुकादम विचारी.

"पंचाऐंशी."

"पंचवीस सांग. वरून माणूस आला तर पंचवीस. पंचाऐंशी ऐकलं तर म्हणेल, इथं धान्य ठेवलंय की उंदीर पाळलेत?"

मुकादम स्वतःच्याच विनोदावर हसे. उंदीरवालाही हसल्यासारखं करी. पण पोत्यांच्या मधल्या बोळांत लेंड्यांचा थर पायाखाली करकरत असे, आणि ओल लागलेल्या धान्यात तांबडे बारीक किडे इतके झाले होते, की पोत्यावर हात ठेवला तर हाताखाली पोतं हलल्यासारखं वाटे.

त्याची बायको गिरणीत होती. सात-आठ बाया धान्य निवडायच्या, पाखडायच्या आणि दिवस संपला की गिरणीखालची जागा झाडून घ्यायच्या. झाडताना जे पीठ निघे ते मजुरीवर वाटून मिळे. त्याला झाडणीचं पीठ म्हणत. बायको ते घरी आणून चाळी. चाळलं की दिसायला विकतच्या पिठासारखंच. त्याच्या भाकरी होत, आणि थोडं डब्यात बाजूला काढून ठेवलं जाई. ते ठकीसाठी.

ठकी त्यांची सात वर्षांची मुलगी. तिला कोरडं पीठ साखर घालून खायचं वेड होतं. शाळेतून आली की डबा मांडीवर घेऊन बसे, चमचा चमचा तोंडात टाकी आणि टाळ्याला चिकटलेलं पीठ जिभेनं सोडवत बसे.

"माकडाच्या हाती कोलीत द्यावं तसा डबा देतेस तिला," म्हातारी म्हणे. म्हातारी म्हणजे उंदीरवाल्याची आई.

"खाऊ दे हो. दुसरं काय देतोय आपण तिला?" बायको म्हणे.

पाणी ओसरून दोन महिने झाले असतील. ठकीचं पोट दुखायला लागलं. आधी शाळेत जायच्या वेळेलाच दुखे, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. मग जेवतानाही दुखायला लागलं. दोन घास खाल्ले की ताट सरकवी, आणि तासाभरानं पुन्हा भूक भूक करी. गालांची हाडं वर आली. शाळेत जंताच्या गोळ्या वाटल्या होत्या, त्या तिनं सगळ्यांबरोबर घेतल्या होत्या. तेव्हा जंत नसणार, असं घरानं धरून टाकलं. म्हातारीनं पोटाला तेल चोळलं. महिनाभर तेलच चाललं.

एक दिवस शाळेतून निरोप आला की ठकी वर्गात बसल्या जागी आडवी झाली. बायको गिरणीतून तशीच पिठाच्या अंगानं धावली आणि पोरीला पाठीवर घेऊन दवाखान्यात गेली. उंदीरवाला मागून पोचला.

डॉक्टरीणबाईंनी शी तपासायला सांगितली. दुसऱ्या दिवशी चिठ्ठी आली. डॉक्टरीणबाईंनी ती दोनदा वाचली.

"जंतच आहेत. पण हे नेहमीचे नाहीत. चपटे जंत आहेत, उंदरांच्या पोटात असतात ते. शाळेतल्या गोळीला हे दाद देत नाहीत. ह्याची गोळी वेगळी." मग मान वर करून त्यांनी विचारलं, "घरात उंदीर आहेत का?"

 बायकोनं फक्त नवऱ्याच्या हातांकडं पाहिलं. डॉक्टरीणबाईंनी पाहिलं. औषधं देणाऱ्या पोरीनं पाहिलं. उंदीरवाल्यानं हात मागं घेतले.

"काय काम करता तुम्ही?"

"उंदीर धरतो. गोदामात."

"मग हात स्वच्छ धूत जा. काळजी घ्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. बाहेर रांग मोठी होती. त्यांनी पुढच्या माणसाला हाक मारली.

घरी आल्यावर म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे बाहेरून नाही आलं. घरच्याच माणसानं आणलं."

त्या दिवसापासून घरात नवा कायदा लागू झाला. उंदीरवाल्यानं अंगणातल्या दगडावर साबणानं तीनदा हात धुवायचे, कपडे तिथंच उतरवायचे, मग आत यायचं. त्याचं ताट वेगळं, दारात; तांब्या वेगळा. ठकीला जवळ घ्यायचं नाही. तो बसला असेल त्या सतरंजीवर ठकीनं बसायचं नाही. बायको भांडली नाही. भांडली असती तर बरं, असं त्याला वाटे. तिनं सगळं शांतपणे, दळण निवडावं तसं निवडून वेगळं केलं.

ठकीला आधी गंमत वाटली. एकदा ती पळत येऊन त्याच्या गुडघ्याला बिलगली, तेव्हा आईनं तिला दंडाला धरून ओढलं आणि अंग पुसून काढलं. मग ठकीही शिकली. तो आत आला की ती आपणहून भिंतीशी सरके.

"बाबा, तू तिथंच थांब हं," ती म्हणे. त्यात राग नव्हता. शाळेत बाई सांगतात म्हणून हात वर करावा, तसं ती म्हणे.

गल्लीत बातमी पसरायला किती वेळ लागतो! चहाच्या टपरीवर कपाऐवजी त्याला कागदाचा पेला मिळायला लागला. एक जण म्हणाला, "उंदीरवाल्याच्या घरी उंदरांनी सूड उगवला म्हणे." सगळे हसले. उंदीरवाल्यानं चहा उभ्या उभ्या संपवला. जीभ भाजली.

तो आता एकटा असला की हात उलटेसुलटे करून बघे. नखांखाली, भेगांत. घासून घासून भेगांतून रक्त येई. पिंपात पिंजरा दाबून धरलेला असताना त्याला वाटे, इतकी वर्षं ह्याच हातांनी आपण तिला भरवलं.

गोळीनं ठकीला गुण आला. महिन्यानं तपासणी झाली, पोट साफ होतं. ती दोरीवरच्या उड्या मारायला लागली. बायकोनं एकदा सुटकेचा निःश्वास टाकला आणि म्हणाली, "बघा, लांब राहिलात म्हणून." उंदीरवाल्यानं मान हलवली. त्याला ते पटलं होतं. पोर बरी होणार असेल तर आयुष्यभर दारात जेवायची त्याची तयारी होती.

पण आणखी तीन-चार महिन्यांत ठकीचं पोट पुन्हा दुखायला लागलं. पुन्हा तेच. पुन्हा चिठ्ठीवर तीच अक्षरं.

"तुम्ही तिला हात लावलात," बायको म्हणाली.

"नाही लावला."

"मी नसताना लावला असेल."

"अगं, पोरीची शपथ. तिच्या सावलीलाही शिवलो नाही."

बायकोनं त्याच्याकडं पाहिलं. तिला तो खोटारडा वाटत होता, हे त्याला दिसलं. इतक्या वर्षांच्या संसारात हे पहिल्यांदा दिसलं.

दुसऱ्या दिवशी पिंजरे उरकून तो एकटाच दवाखान्यात गेला. मागच्या खोलीत शी-लघवी तपासणारा माणूस बसे. डोळा सदा नळीला लावलेला, म्हणून गाव त्याला दुर्बीणवाला म्हणे. उंदीरवाला दारातच उभा राहिला.

"आत या की."

"नको. माझे हात..."

"काय झालं हातांना?"

उंदीरवाल्यानं सांगितलं. दगड, साबण, ताट, सतरंजी.  दुर्बीणवाल्यानं डोळा नळीवरून काढला आणि खुर्ची वळवली.

"कुणी सांगितलं हे तुम्हाला? हा जंत हातानं होत नाही. उंदराच्या पोटातल्या जंताची अंडी लेंडीतून बाहेर पडतात. ती तुमच्या हाताला लागली, पोरीच्या तोंडात गेली, तरी ती तशीच बाहेर जातील. त्या अंड्याला मधे एक किडा लागतो. धान्यातला, पिठातला. किडा लेंडी खातो, अंडं त्याच्या पोटात वाढतं, आणि तो किडा माणसाच्या पोटात गेला तर तिथं जंत धरतो."

"किडा कोण खाईल?"

"जाणूनबुजून कोण खाणार? पिठाबरोबर जातो. भाजलं, शिजवलं की मरतो, काही होत नाही. कच्चं खाल्लं तर होतं. हातांची उगीच सालं काढलीत. साबण लावताय ते चांगलंच आहे, उंदरांची बाकी दुखणी काही कमी नाहीत. पण ह्यात तुमच्या हातांचा दोष नाही. पोरगी कच्चं पीठ खाते का?"

उंदीरवाला खाली बसला. दारातच, उंबऱ्यावर.

संध्याकाळच्या आत तो घरी जाऊन डब्यातलं मूठभर पीठ कागदात बांधून परत आला. दुर्बीणवाल्यानं पीठ पसरलं. चाळणीतून सुटलेले दोन-तीन बारके तांबडे किडे होते. त्यानं ते काचेवर सुईनं फोडले, नळीखाली धरले, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "बघा."

उंदीरवाल्यानं डोळा लावला. आधी नुसता उजेड दिसला. मग उजेडात एक गोल, शेपटीवाला, दाण्यासारखा जीव.

"हाच?"

"हाच. कुठलं पीठ?"

"असंच. बाजारातलं," उंदीरवाला म्हणाला आणि बाहेर पडला.

खोटं का बोललो, ते त्याला रस्त्यात कळलं. पीठ बायकोनं आणलं होतं. डब्यात तिनं भरलं होतं, साखर तिनं घातली होती. गेले चार-पाच महिने ती त्याला लांब ठेवत होती आणि लांब ठेवून झालं की पोरीच्या मांडीवर डबा देत होती. हे तिला सांगायचं कसं? एकीकडं छाती हलकी झाली होती, घरात शिरून ओरडावंसं वाटत होतं, की बघ, माझे हात बघ! आणि दुसरीकडं तिचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नव्हता.

 घरी आल्यावर त्यानं डबा उचलून पीठ उकिरड्यावर ओतलं.

"अहो! डोकं फिरलं का तुमचं?"

"किडे झाले होते."

"मग चाळायचं! उचलून फेकायला तुमच्या बापाची गिरणी आहे का?"

दोन दिवसांनी डबा पुन्हा भरलेला होता. त्यानं पुन्हा ओतला. बायकोनं कपाळावर हात मारला. म्हातारी म्हणाली, "पोरीच्या तोंडचा घास काढतो, हा बाप की वैरी?" ठकी भिंतीशी बसून रडत होती आणि तिला उचलून घ्यायची त्याला सोय नव्हती.

असे पाच दिवस गेले. सहाव्या दिवशी तो गिरणीच्या मागच्या अंगाला पिंजरे लावत होता. बायांची पोरं तिथं खेळत होती. पाच-सहा होती. मधे झाडणीच्या पिठाचं फडकं उघडं पडलेलं आणि पोरं मुठी भरून एकमेकांच्या तोंडाला फासत होती, हसत होती, ओठ चाटत होती. सगळ्यांची तोंडं पांढरी. त्यातल्या एका पोरीचे गाल ठकीसारखेच बसले होते.

उंदीरवाल्यानं पिंजरा तिथंच ठेवला. गिरणीत जाऊन बायकोला बाहेर बोलावलं आणि आडोशाला नेऊन, जसं ऐकलं होतं तसं, पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. तिच्याकडं न बघता, सुपाकडं बघत. सूप तिच्या हातात होतं.

"केव्हा कळलं तुम्हाला?" तिनं विचारलं.

"झाले पाच-सहा दिवस."

"मग बोलला का नाहीत?"

 तिनं सूप खाली ठेवलं. डोळ्यांत पाणी नव्हतं, पण खालचा ओठ दातांत धरलेला होता, पांढरा पडेपर्यंत.  चूक झाली म्हणाली नाही, की हात जवळ आणा म्हणाली नाही. आत गेली आणि बायांना म्हणाली, "पोरांना झाडणीचं पीठ कच्चं देऊ नका. त्यात उंदरांची घाण आहे. भाजून खा, नाहीतर खाऊच नका."

"कोण म्हणतं?"

"दवाखान्यात पाहिलंय. आमच्या ह्यांनी."

"उंदीरवाल्यानं?" एक बाई फिसकन हसली. "चोराच्या उलट्या बोंबा! स्वतःच्या घरात जंत घातले आणि आता आमच्या पिठाला नावं ठेवतोय."

दुसरी हसली नाही. ती उंदीरवाल्याच्या बायकोकडं वळून म्हणाली, "अगं, हळू बोल. मुकादमानं ऐकलं तर झाडण बंद करेल. मग तू देणार आहेस का आमच्या घरी पीठ?"

मुकादमानं ऐकलंच. दुपारच्या आत दोघांना बोलावणं आलं. तो ओरडला नाही. खुर्चीत मागं रेलून म्हणाला, "तुला उंदीर मारायला ठेवला होता, तू उंदरांचा वकील झालास. इथल्या मालात घाण आहे असं गावभर सांगतोस?"

"गावभर नाही. बायांना सांगितलं. पोरं खातात कच्चं."

"किती उंदीर निघतात रोज?"

 उंदीरवाला म्हणाला, "पंचाऐंशी. काल नव्वद."

"पंचवीस," मुकादम म्हणाला. "पंचवीससुद्धा धरता येत नाहीत तुला. उद्यापासून येऊ नकोस. आणि बाई, तूही."

बायका दारातून पाहत होत्या.  बायकोनं आपलं सूप उचललं. ते तिचं घरचं होतं. मुकादमानं तेही उलटंपालटं करून पाहिलं आणि मग जाऊ दिलं.

पुढचे दिवस ओढाताणीचे गेले. उंदीरवाला पिंजरे घेऊन घरोघरी फिरायला लागला. "उंदीर आहेत का?" असं विचारलं की लोक अपमान झाल्यासारखं दार लावून घेत, आणि संध्याकाळी मागच्या दारानं बोलावत. बायको लोकांची धुणी करायला लागली. ठकीनं दुसऱ्यांदा गोळी घेतली आणि ह्या वेळी पोट साफ झालं ते साफच राहिलं. घरात त्याचं ताट पुन्हा सगळ्यांच्या ताटांत आलं. एक दिवस ते तिथं होतं, एवढंच. म्हातारीनं "हातांना तेल लाव" म्हणून वाटी पुढं सरकवली, तीच तिची माफी.

पण ठकी जवळ येईना. तो बसला की ती सवयीनं उठे. बायको म्हणे, "जा गं, बस बाबांजवळ," तर ती सतरंजीच्या कडेला टेके, अंग चोरून, आईकडं बघत. भीती घालायला चार दिवस पुरतात. काढायला किती लागतात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. नवरा-बायको एकमेकांशी बोलत, पण कामापुरतं. त्या गोष्टीचं नाव घरात निघत नव्हतं. त्याला वाटे, तिनं एकदा तरी म्हणावं. काय म्हणावं, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

एक दिवस दोघं धुण्याची गाठोडी पोचवून गोदामाच्या रस्त्यानं परत येत होते. गिरणी सुटायची वेळ होती. जुन्या बायांपैकी दोघी-तिघी कामावरून गेल्या होत्या, त्यांच्या जागी पलीकडच्या वस्तीतल्या नव्या लागल्या होत्या. त्यातली एक पुढून येत होती. तरणीच होती. डोक्यावर पिठाचं गाठोडं, कडेवर दीड-दोन वर्षांचं मूल. मुलाच्या मुठीत पीठ होतं आणि ते मूठ चोखत होतं.

उंदीरवाला थांबला. "बाई, त्याच्या हातातलं पीठ काढा. कच्चं खाऊ देऊ नका."

ती दचकली. "का?"

"झाडणीचं आहे ना? त्यात किडे असतात. उंदरांचा जंत होतो पोटात."

"तुम्ही कोण?"

"मी इथं उंदीर धरायचो."

तिनं त्याचे हात पाहिले. ती दोन पावलं मागं सरली आणि मुलाला दुसऱ्या कडेवर घेतलं, त्याच्यापासून लांबच्या. "बरं, बरं," म्हणत ती रस्त्याच्या कडेनं झपाझप चालायला लागली. मुकादमानं आधीच काही कानात भरलं असणार. मुलाची मूठ तोंडातच होती.

"बाई, ऐकून तर घ्या!" तो मागून म्हणाला. ती आणखी जोरात चालायला लागली. तो जागीच उभा राहिला. मागं लागला असता तर ती पळालीच असती.

तेव्हा त्याच्या बायकोनं गाठोड्यांची रिकामी फडकी त्याच्या हातात दिली आणि ती धावली. चपला फटफट वाजत होत्या. तिनं त्या बाईला वळणावर गाठलं आणि तिच्या पुढ्यात उभी राहिली, धापा टाकत.

"पळू नकोस, बाई. मी तुझ्याच जागी काम करत होते. माझ्या पोरीला झालं होतं हे."

"उंदीरवाल्याच्या पोरीला झालं होतं, ते ऐकलंय मी. त्यानं घरी आणलं होतं ना?"

"नाही," त्याची बायको म्हणाली. मोठ्यानं म्हणाली, रस्त्यावरच्या दोघा-तिघांनी वळून पाहिलं. "त्यांनी नाही आणलं. मी आणलं. असंच गाठोड्यात बांधून आणलं आणि माझ्या हातानं साखर घालून तिला चारलं. त्यांना पाच महिने दारात जेवायला बसवलं, पोरीला शिवू दिलं नाही, आणि चारत मी होते. ऐकतेस ना? मी होते."

बाई तिच्या तोंडाकडं बघत राहिली. मग तिनं डोक्यावरचं गाठोडं रस्त्याच्या कडेला उतरवलं, मुलाची मूठ तोंडातून काढली आणि एकेक बोट उलगडून आपल्या पदरानं पुसायला लागली. मूल रडायला लागलं.

उंदीरवाला दूर उभा होता, दोन्ही हातांत धुण्याची फडकी धरून. त्यानं तोंड गोदामाकडं फिरवलं आणि बायको परत येईपर्यंत तसाच उभा राहिला.